पाण्यासारखी काच

६ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात उगारावासा वाटला की लिहायला बसा. मी म्हटलं, बाई, हात उगारून झाल्यावर लिहिलं तर चालेल का? त्या हसल्या नाहीत.

झालं ते असं. क्लबातल्या एका नव्या मेंबराने ग्लायडरची काच शर्टाच्या बाहीने पुसली. कोरडी, वर धुळीचे कण तसेच असताना. काच म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण. ते असतं ॲक्रिलिकचं, पण आम्ही सगळे काचच म्हणतो. ती भरपूर पाणी सोडून तळहाताने धुवायची असते, तान्ह्या पोराला न्हाऊ घालतात तशी. हे मी इतकी वर्षं सांगतोय की माझ्या तोंडाला फेस आला. त्याने बाही फिरवली, काचेवर ओरखडा उमटला, आणि मी त्याच्या नाकावर ठोसा दिला. हाड मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

क्लबाने सांगितलं, त्याची माफी माग आणि बाईंकडे जा, नाहीतर वर्कशॉपला कुलूप. माफी मागितली. बाईंकडे जातोय. ही म्हणाली, "लिहा हो. तेवढा वेळ तरी घरात शांतता." हिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्याने बोलते. तो कान कसा गेला हा विषय आमच्याकडे निघत नाही.

११ मार्च

छकुलीच्या ग्लायडरची काच बदलायची आहे. छकुली म्हणजे माझी एकुलती एक लेक. तिशी ओलांडली, लग्न होऊन पाच वर्षं झाली, या नावाने हाक मारली की वैतागते, तरी मी मारतोच. यंदा तिला क्लबाचा उंचीचा विक्रम मोडायचा आहे. तो मास्तरच्या नावावर आहे. मास्तर म्हणजे आमचा मुख्य प्रशिक्षक आणि माझा जुना दोस्त. डोंगरापलीकडे वसंतात वारा लाटेसारखा उसळतो, त्या लाटेवर बसून ग्लायडर वर वर जातो. इंजिन नाही, आवाज नाही. तासन्‌तास बसायचं आणि चढत राहायचं.

तिची जुनी काच पिवळसर झाली होती. नेहमीच्या शीटला मुळातच किंचित पिवळी झाक असते, पुढे ती वाढते. मला ती झाक आयुष्यभर खुपली आहे. मग एक दुकानदार सापडला. तो पाळीव सरडे, घोरपडी यांच्या पेट्या बनवतो. त्याच्याकडची शीट हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. पाणी. हातात पाणी धरल्यासारखी.

"पिवळी पडेल?" मी विचारलं.

"कधीच नाही. यात ते पिवळं औषध घालतच नाहीत. सरड्यांना खरं ऊन लागतं, नाहीतर त्यांची हाडं मऊ पडतात. ही शीट ऊन जसंच्या तसं आत सोडते."

मी म्हटलं, मला तुझ्या सरड्यांशी काय करायचंय, दोन मोठ्या शीट बांध.

१९ मार्च

काच बसली. भट्टीत शीट तापवून मऊ केली, साच्यावर ओढली, कडा कापल्या, फ्रेमला चिकटवली आणि पुरा एक दिवस पॉलिश केलं. आयुष्यात अशी काच केली नव्हती. छकुली आत बसली, मी झाकण लावलं, आणि ती म्हणाली, "बाबा, लावलीत की नाही?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच फडकं शोधायच्या निमित्ताने वळलो.

निघताना नियम पुन्हा बजावले. काळा चष्मा नाही. असल्या चष्म्यातून माझ्या काचेत इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात आणि दूरचं विमान दिसत नाही. टोपीला कड नाही, वर बघता आलं पाहिजे. ती म्हणाली, "हो बाबा." लहानपणापासून तिला मला "हो बाबा" म्हणायची चांगली सवय आहे.

दुसऱ्या शीटची काच मास्तरच्या ग्लायडरसाठी करणार आहे. त्याने हात फिरवून बघितला आणि तोंडाला पाणी सुटल्यासारखा बघत राहिला.

२७ मार्च

काल ती पहिल्यांदा लाटेवर गेली. पाच तास. आज संध्याकाळी आमच्याकडे आली ती काळा चष्मा लावून. घरात, दिवे लागल्यावर. मी म्हटलं, सिनेमात काम मिळालं का? चष्मा काढला तर डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या. रात्रभर रडल्यावर होतात तसे.

"काय झालं?"

"काही नाही हो. वर ऊन फार होतं."

"काचेआड ऊन लागत नाही."

हे मी तिला शाळेत असल्यापासून सांगत आलोय. मास्तर चाळीस वर्षं काचेआड बसतोय, त्याचा चेहरा बघा, म्हातारपणी गालाला सुरकुती नाही. काचेत उकडतं, घाम येतो, पण कातडी भाजत नाही. हे आमच्यात पोरासोरांना ठाऊक आहे. आणि ही मला ऊन लागलं म्हणून सांगते.

हिने तिच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला आणि माझ्याकडे बघितलं नाही. जावई आला नव्हता.

२ एप्रिल

जावयाबद्दल लिहून ठेवतो. दातांचा डॉक्टर आहे. दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून पोट भरतो. मऊ बोलतो, मऊ हसतो. पाच वर्षांत एकदाही माझ्यावर आवाज चढवला नाही, आणि असल्या माणसांचीच मला भीती वाटते. माझं कसं, जे आहे ते बाहेर. शेजाऱ्यांनासुद्धा माहीत असतं. हा दार लावून घरात काय करतो, कोणी सांगावं?

९ एप्रिल



छकुली परवा पुन्हा वर गेली होती. आज वर्कशॉपात आली. कपाळ, गालांचा वरचा भाग, मान, सगळं लाल. कानांच्या पाळ्यांवर फोड. पण नाक आणि तोंड यांभोवती गोरी, जशीच्या तशी कातडी. त्या गोऱ्या डागाची कड इतकी स्पष्ट की पेनाने आखल्यासारखी. तोंडावर तळहात दाबून धरला तर एवढीच जागा झाकते. मी माझा हात हवेत धरून मापला.

म्हणजे तोंड दाबून ठेवलं आणि मग मारलं. ओरडू नये म्हणून.

मी विचारलं, "हे कोणी केलं?"

ती हसली. "कोणी करायला हवं का? मास्क होता, बाबा. प्राणवायूचा. तेवढाच भाग वाचला."

"कशापासून वाचला?"

ती काहीतरी बोलणार होती. मग तिने माझ्या हातातल्या हातोड्याकडे बघितलं, आणि काचेकडे बघितलं, आणि म्हणाली, "जाऊ दे. काच फार सुंदर आहे."

मारणाऱ्याला पाठीशी घालायची बायकांची पद्धत मला चांगली माहीत आहे. दारावर आपटले, पाय घसरला, ऊन लागलं. ती गेल्यावर मी कट्ट्यावरचा एक शिकंजा उचलून भिंतीवर फेकला. भिंतीचा गिलावा पडला. बाई म्हणतात तसं लिहायला बसलो, पण लिहून राग जात नाही. फक्त अक्षर बिघडतं.

१० एप्रिल

हिला विचारलं. ही भांडी पुसत होती. म्हणाली, "तिला मारत नाही तो."

"तुला काय माहीत?"

"मला कळतं," ही म्हणाली. "मारतात ती घरं मला कळतात."

मी म्हटलं, तू काय जगभरची घरं पाहिलीस? तिने पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली.

१४ एप्रिल

दोघं जेवायला आली. जेवण होईपर्यंत मी जिभेला गाठ मारली होती. छकुलीचा चेहरा सोलून निघत होता, पातळ पापुद्रे उडत होते. आई-लेकी आत गेल्यावर जावई खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बाबा, एक विचारू? त्या नव्या काचेची शीट कुठली आहे? आमच्याकडे दात भरताना जो दिवा वापरतात, त्यापुढे नारिंगी पडदा धरावा लागतो, नाहीतर डोळ्यांना इजा होते. उजेडाचे प्रकार असतात. मला वाटतं, ती काच..."

"तुम्हाला काय वाटतं ते ठेवा तुमच्या खिशात," मी म्हटलं. "ग्लायडरची काच म्हणजे कवळी नाही."

तो लाल झाला, पण थांबला नाही. "तिची कातडी आणि डोळे दोन्ही भाजतायत. एकदा तपासून घेऊ. तोवर तिने उडू नये असं मला वाटतं."

बघा. चोराच्या उलट्या बोंबा. स्वतः मारायचं आणि नाव माझ्या काचेचं घ्यायचं, वर तिचं उडणंही बंद करायचं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी काही केलं नाही. हाताशी टेबलावरचा पेला होता तो दाबत राहिलो. पेला फुटला तेव्हा कळलं. तळहाताला टाके पडले आहेत, म्हणून अक्षर असं.

१८ एप्रिल

मास्तरकडून कळलं की छकुली मैदानावर येते, दुसऱ्यांचे ग्लायडर ढकलते, पण स्वतः उडत नाही. तिचा ग्लायडर ट्रेलरमध्ये बंद आहे आणि ट्रेलरची किल्ली जावयाने ठेवून घेतली आहे. "डोळे बरे होईपर्यंत," असं ती म्हणाली म्हणे. सोमवारी मोठी लाट येणार, हवामानखात्यापासून मास्तरच्या गुडघ्यापर्यंत सगळे सांगतायत. मोसमातली बहुधा शेवटची.

माझ्या लेकीच्या विमानाची किल्ली नवऱ्याच्या खिशात. मुलगी मारही खाणार आणि घरकोंबडीही होणार. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? बापाकडे. मी अजून जिवंत आहे.

२० एप्रिल, सोमवार

सकाळी त्याच्या दवाखान्यात गेलो. छकुली पहाटेच मैदानावर गेलेली होती, हे बघूनच गेलो.

खुर्चीत एक बाई आडवी होती, तोंड उघडं, हा वाकलेला. मी म्हटलं, किल्ली दे. तो सरळ झाला आणि म्हणाला, "बाबा, बाहेर बसा, पाच मिनिटांत येतो." याच मऊ आवाजात तिचं तोंड दाबलं असेल. मी त्याच्या तोंडावर मारली. तो अवजारांच्या ट्रेवर पडला, सगळं खणखणत खाली आलं. बाई तोंड उघडं ठेवूनच पळाली. मी त्याला कॉलर धरून उठवलं आणि आणखी दोनदा मारलं. ओठ फाटला. त्याने हात वर केले, पण मारायला नाही, नुसते चेहऱ्यापुढे धरायला. याचा मला जास्त राग आला. पुरुषासारखा एक फटका तरी मार.

किल्ली कुठे आहे ते त्याच्या नजरेवरूनच कळलं. तो लोखंडी ड्रॉवर बंद करायला गेला, बोटं कडेवर असतानाच मी लाथ घातली. ड्रॉवर बसला. तो आवाज मी लिहीत नाही.

खाली बसून, हात पोटाशी धरून तो म्हणाला, "तिला देऊ नका. तिचे डोळे जातील."

मला धमकी देतो. रक्ताळलेल्या तोंडाने. मी ड्रॉवर उघडला, किल्ली घेतली. बाहेर त्याची मदतनीस पोलिसांना फोन लावत होती. त्यानेच आतून तिला नको म्हणून सांगितलं. गुन्हेगाराला पोलीस कसे आवडतील?

मैदानावर पोचलो. छकुलीला किल्ली दिली.

"तो तयार झाला?" तिचा चेहरा असा फुलला की माझा सगळा शीण गेला. "काय म्हणाला?"

"जा म्हणाला."

"फोन करते त्याला."

"खुर्चीत पेशंट आहे. लाट थांबणार नाही तुझ्यासाठी."

"हो बाबा," म्हणाली आणि धावली. काच मी स्वतः धुतली, झाकण स्वतः लावलं. ओढणाऱ्या विमानाची दोरी सुटली तेव्हा ती डोंगराच्या माथ्यावर होती. मग ठिपका झाली आणि मग तोही दिसेना.

दुपारी मास्तर वर्कशॉपात आला. जावयाचा हॉस्पिटलातून फोन आला होता, तिला रेडिओवरून खाली बोलवा म्हणत होता. मास्तरने विचारलं, "काय भानगड आहे रे?" मी म्हटलं, नवराबायकोचं भांडण आहे, मध्ये पडू नकोस, विक्रम जाईल तुझा म्हणून घाबरलास का? तो हसला. मी त्याला चहा प्यायला घेऊन गेलो.

हे सगळं दुपारी तीनला लिहितोय. आज खूप दिवसांनी मन शांत आहे.

२२ एप्रिल

ती जिवंत आहे.

सोमवारी संध्याकाळी पाचनंतर तिचा आवाज रेडिओवर आला. "मला नीट दिसत नाहीये. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. उघडतच नाहीत." मास्तरने तिला बोलत बोलत आणली. डावीकडे घे, नाक खाली, अजून खाली. ती धावपट्टीच्या रेषेत बरोबर आली. पण जमीन कुठे आहे ते तिला कळेना. दोन मजल्यांच्या उंचीवरच तिने नाक उचललं, जमीन आली समजून. ग्लायडर हवेत थबकला आणि दगडासारखा खाली आला.

मी सगळ्यांच्या पुढे धावत होतो. पुढचा भाग फुटला होता. माझी काच हजार तुकडे होऊन गवतात, सीटवर, तिच्या केसांत. पाय मांडीपासून उलटा वळलेला. एक कपची उजव्या डोळ्यात उभी. मी ती उपटायला हात घातला तर मास्तरने मला कोपराने छातीत मारून मागे पाडलं. बरं केलं त्याने.

विक्रम झाला. यंत्रात नोंद आहे.

२३ एप्रिल

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, कपची काढली, उजव्या डोळ्याचं आत्ता सांगता येत नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी राहील, एक हलला की दुसरा हलतो म्हणून. मग म्हणाले, "पण कपची लागायच्या आधीच दोन्ही डोळे भाजलेले होते. चष्म्याशिवाय वेल्डिंग करणाऱ्यांचे होतात तसे. एकदा नाही, अनेकदा. उन्हातल्या अतिनील किरणांचं काम आहे हे. ते दिसत नाहीत, पण उंचावर फार कडक असतात."

मी म्हटलं, "ती काचेआड होती. काचेआड ऊन लागत नाही."

"कुठल्या काचेआड?" त्यांनी विचारलं. साधाच प्रश्न.

२४ एप्रिल

सरडेवाल्याच्या दुकानात गेलो. त्याने मला ओळखलं, हसून नमस्कार केला. मी त्याची मान धरून त्याला पेट्यांच्या रांगेवर दाबला.

"तू मला काय विकलंस?"

"तुम्ही मागितलंत ते," तो घुसमटत म्हणाला. "सांगितलं होतं ना साहेब. ऊन जसंच्या तसं आत सोडते. तुम्ही पिवळी पडेल का तेवढंच विचारलंत. विमानाला लावणार हे बोललातसुद्धा नाही."

मी त्याला सोडलं आणि रॅक ओढला. पेट्या एकावर एक कोसळल्या. वाळू, दिवे, पाण्याची भांडी, आणि त्यात चार-पाच सरडे इकडेतिकडे. त्याची बायको आतून ओरडत आली आणि माझ्या पाठीत झाडूच्या दांड्याने मारायला लागली. चांगली मारली तिने. मी खाली वाकून मार खाल्ला आणि मग निघून आलो.

२५ एप्रिल

वर्कशॉपात जुन्या शीटचा एक तुकडा होता, नव्याचे बरेच. दोन्हींचा हातभर तुकडा कापला, दंडापासून मनगटापर्यंत शेजारी शेजारी पट्ट्यांनी बांधले, मधली फट कापडाने झाकली. ऊन चढल्यावर मैदानाच्या मध्यभागी खुर्ची टाकून बसलो. मास्तर दोनदा येऊन बघून गेला. दुपार उलटेपर्यंत बसलो.

आता हात समोर आहे. पिवळट तुकड्याखाली माझा नेहमीचा हात आहे. पाण्यासारख्या तुकड्याखाली शिजलेलं मांस आहे, कड अशी सरळ की पेनाने आखावी.

म्हणजे तिने खरं सांगितलं होतं. तो गोरा डाग मास्कचाच होता. ती पिवळी झाकच आजवर आम्हा सगळ्यांना वाचवत आली आणि मी तिला आयुष्यभर शिव्या घालत आलो.

मास्तरसाठी केलेली काच तयार होती, पॉलिशसकट. ती उचलून अंगणात आणली आणि घणाने फोडली. पहिल्या घावाने फुटली नाही, घण उडून माझ्या नडगीवर बसला. मग फोडत राहिलो. साचाही फोडला. मास्तर म्हणाला, "झालं का?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आता जावयाकडे जा."

मी म्हटलं, जाईन. त्याचं जरा गैरसमजातून झालं. काचेचं आधी छकुलीला सांगतो. खरी चूक ती आहे.

२८ एप्रिल

रोज हॉस्पिटलात जातो. जावई तिथेच असतो, हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर. माझ्याकडे बघून मान हलवतो, नमस्कार केल्यासारखी. छकुलीच्या डावीकडे बसतो आणि चांगला हात तिच्या हातात देतो. त्याने तिला सांगितलेलं नाही. हिनेही नाही. मी हिला म्हटलं, त्याला स्वतःला सांगायचं नसेल तर आपण कशाला सांगा, आधीच पोरगी आजारी.

प्लॅस्टर निघाल्यावर बोटं किती वळतील ते कळेल असं म्हणतात. दोन बोटांची हाडं चुरा झाली आहेत.

३० एप्रिल

आज मनाचा हिय्या करून तिला सगळं सांगितलं. शीट, सरडे, पिवळी झाक, माझा हात. भाजलेल्या जागेवर तिचं बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, तुझे डोळे मी भाजले, पोरी.

तिने माझा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "बाबा, रडताय होय? तुम्हाला काय ठाऊक होतं? मलाही शंका आली होती, पण मीच बसले ना त्यात. इतकी सुंदर काच कोण नाकारेल. वरून जग कसं दिसत होतं सांगू, मध्ये काही नसल्यासारखं." मग म्हणाली, "त्यानेच पहिल्यांदा ओळखलं होतं. त्याने किल्ली दिली याचंच मला आश्चर्य वाटत राहिलं."

माझ्या डोक्यावरचा डोंगर उतरला होता, म्हणून मी ते वाक्य नीट ऐकलं नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवत होतो. तेवढ्यात जावई आला. मी उठून दाराशी गेलो. ही खिडकीपाशी बसली होती.

तो तिच्या डावीकडे बसला. ती म्हणाली, "दोन्ही हात दे ना. रोज एकच देतोस."

"दुसऱ्यात पिशवी आहे."

"ठेव खाली."

तो हलला नाही. तिने पलंगावरून हात लांबवला, त्याच्या छातीवरून चाचपत गेली आणि प्लॅस्टरला लागली. बोटांच्या टोकांनी वरून खालपर्यंत बघितलं. बाहेर आलेल्या दोन सुजक्या बोटांपाशी थांबली.

"हे काय?"

"दारात सापडला हात," तो म्हणाला.

"कधी?"

"मागच्या आठवड्यात."

"कुठल्या दिवशी?"

तो तिची बोटं हळूच बाजूला करायला गेला. तिने ती परत तिथेच ठेवली. पट्टीमुळे तिचा चेहरा वाचता येत नव्हता, फक्त मिटलेले ओठ दिसत होते.

"मी उडाले त्या दिवशी," ती म्हणाली. "किल्ली तू दिली नव्हतीस."

"जाऊ दे ना आता," जावई म्हणाला.

मी म्हणणार होतो की मी सांगतो, माझा समज काय झाला होता, तुझा चेहरा तसा दिसत होता, कोणताही बाप असाच. पण हीच बोलली. नेहमीसारखी मोठ्याने नाही. इतक्या हळू की मला दाराशी कान द्यावा लागला.

"दारात नाही सापडला. यांनी मोडला."

छकुलीने प्लॅस्टर दोन्ही हातांत धरून ठेवलं. मग विचारलं, "आई, बाबा आहेत इथे?"

मी एक पाऊल मागे सरकलो.

"दाराशी उभे आहेत," ही म्हणाली.

"त्यांना सांग, माझी पट्टी सुटेल तेव्हा समोर येऊ नका म्हणावं. त्यानंतरही नको."

ही माझ्याकडे वळली, पण सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "छकुली, काचेचं तर तू..." तिने तोंड भिंतीकडे वळवलं. जावयाने खाली बघितलं. मी बाहेर आलो.

जिना उतरून फाटकापाशी थांबलो. भेटीची वेळ संपली की ही येईल आणि आम्ही घरी जाऊ, असं मनात होतं. इतर पेशंटांची माणसं डबे, पिशव्या घेऊन बाहेर पडली. मग नर्सांची पाळी बदलली. वरच्या मजल्यावर छकुलीच्या खोलीत दिवा लागला आणि खिडकीत ही दिसली. मी हात वर केला. हिने मला बघितलं, आणि पडदा ओढून घेतला.